गडाची वाट गावाच्याच ताब्यात राहावी

भाताची निसवण झाली, पावसाने उघडीप दिली आणि तेरड्याने बांध रंगले, की अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला पायी फिरण्याचा खरा हंगाम सुरू होतो. भंडारदऱ्याच्या पाणलोटात रतनवाडी आणि साम्रद ही दोन गावे आहेत. दोन्ही गावांच्या डोक्यावर रतनगड. रतनवाडीतून चढायचे, गणेश दरवाजातून गडात शिरायचे, माथ्यावर कड्याकड्याने हिंडायचे, नेढ्यात घटकाभर बसायचे, मागल्या अंगाच्या त्र्यंबक दरवाजाने उतरायचे आणि साम्रदच्या बाजूने परत फिरायचे. अशी ही गोल वाट आहे. सकाळी सातला निघालेला धडधाकट माणूस दिवस मावळायच्या आत खाली येतो. आल्या वाटेने परत जावे लागत नाही, हे तिचे वैशिष्ट्य. शनिवार-रविवार सोडला तर या वाटेवर आजही माणसापेक्षा गुरेच जास्त भेटतात.

शेतीच्या पानावर डोंगर चढण्याचे काय काम, असे कोणी विचारील. गुराख्याला डोंगराचे कौतुक नाही आणि बागायतदाराला सवड नाही. दुरून डोंगर साजरे, ही म्हणच मुळी डोंगराखाली राहणाऱ्यांनी केलेली असावी. पण प्रश्न हौसेचा नाही. ही वाट कोणाची, ती कोणी सांभाळायची आणि तिच्यावरून येणारे चार पैसे कोणाच्या घरात जायचे, असा हा प्रश्न आहे. हा प्रश्न ग्रामपंचायतीचा आहे, म्हणून शेतकऱ्याचाही आहे. पठारावरच्या आणि घाटमाथ्यावरच्या कितीतरी गावांपुढे तो आज ना उद्या येणार आहे. काहींच्या तर दारात येऊन उभा राहिला आहे.

आधी वाट नीट समजून घेऊ. रतनवाडीत अमृतेश्वराचे जुने दगडी मंदिर आणि त्याची पुष्करणी आहे. तिथून वाट निघते ती प्रवरेच्या काठाने. प्रवरा याच रतनगडाच्या कुशीत उगम पावते. इथे तिचा ओढाच असतो आणि वाट तो ओढा पुन्हा पुन्हा ओलांडते. पुढे दाट रान लागते. रानात एक फाटा फुटतो. डावीकडची वाट कात्राबाईच्या खिंडीकडून हरिश्चंद्रगडाच्या अंगाला जाते, उजवीकडची रतनगडाला. चुकणारे बहुधा इथेच चुकतात. कड्याच्या पायथ्याला लोखंडी शिड्या आहेत. त्या चढल्या की दरवाजा. माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर. वर पाण्याची टाकी आहेत, बुरूज आहेत आणि खडकाला आरपार पडलेले ते प्रसिद्ध नेढे आहे. नेढ्यात बसले की वारा अंगाला झोंबतो आणि प्रदेश समोर मांडून ठेवल्यासारखा दिसतो. उत्तरेकडे राज्यातले सर्वांत उंच कळसूबाईचे शिखर (१,६४६ मीटर), तिच्या शेजारी अलंग, मदन, कुलंग. दक्षिणेकडे कात्राबाई आणि त्यापलीकडे हरिश्चंद्रगड. पश्चिमेला आजोबाचा डोंगर आणि खाली खोल शहापूरचा मुलूख. पूर्वेला भंडारदऱ्याचे पाणी पसरलेले असते. त्र्यंबक दरवाजाकडची उतरण खडकात खोदलेल्या पायऱ्यांची आहे. ती अवघड आहे आणि ओल्या दिवसांत नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. पलीकडे साम्रद आणि तिथली सांदण दरी. सांदण म्हणजे कातळाला पडलेली खोल, अरुंद चीर. पावसाळ्यात तिच्यातून पाणी धावते, त्या दिवसांत तिच्यात पाय ठेवण्याचे कारण नाही.

पाऊस लागला की या साऱ्या कड्यांवरून धबधबे कोसळतात. घाटघरचा पाऊस तर जिल्ह्यात प्रसिद्धच. एकीकडे नगर जिल्ह्याचे (आता अहिल्यानगर) नाव दुष्काळासाठी घेतले जाते आणि त्याच जिल्ह्याच्या या टोकाला पाऊस मोजता मोजता माणूस थकतो. हे पाणी अडवण्यासाठी इंग्रजांनी १९१० साली भंडारदऱ्याचे काम काढले आणि १९२६ साली धरण पुरे केले. सुमारे ११ टीएमसी पाणी त्यात मावते. शतकभर हे पाणी खाली उतरते आहे. त्यावर प्रवरा कालव्यांच्या काठचे ऊसमळे उभे राहिले, १९५०च्या सुमारास लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, गावेच्या गावे बागायती झाली. खालच्या शेतकऱ्याच्या घरावर दुसरा मजला चढला तो या डोंगरावरच्या पावसाने. हे त्यानेही नाकारू नये.

आणि वरचा शेतकरी? त्याच्याकडे भाताची चार खाचरे, उतारावर नागली आणि वरई, थोडी खुरासणी. पाऊस डोळ्यांदेखत धरणात जातो आणि मार्च-एप्रिलात बाई हंडा घेऊन झिऱ्यावर बसते. भात काढून झाले की तरुण जोडपी नारायणगावच्या मजूर बाजाराकडे निघतात. तिथल्या द्राक्षबागांत आणि टोमॅटोच्या शेतांत राबतात. हिरडा, मध आणि करवंदे यांवर थोडेबहुत हाती लागते. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची ही गावे आहेत. शिकलेली पोरे आहेत, पण गावात काम नाही. अशा गावाला आपल्या पायवाटेवरून रोख पैसा मिळण्याची संधी आली असेल तर तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. वाट नीट सांभाळली तर नारायणगावला जाणाऱ्या दहा घरांपैकी दोन-तीन घरे तरी गावात राहतील. आमच्या लेखी ह्या वाटेचे मोल एवढे आहे.

पण संधी आली आहे ती गोंधळ घेऊनच आली आहे. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांचा हंगाम असतो. हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर लाखो काजवे एका लयीत चमकतात. ते पाहायला शहरांतून गाड्यांच्या रांगा लागतात. काजव्याचा प्रकाश हे त्याचे बोलणे आहे. नर चमकतो, मादी उत्तर देते, त्यातून पुढची पिढी होते. त्यांच्या तोंडावर गाडीचे प्रखर दिवे मारले तर बोलणेच तुटते. ज्याला पाहायला आलो त्याचीच वीण मोडायची, असा हा प्रकार. मागोमाग पावसाळी गर्दी येते. तीही दोन दिवसांची, शनिवार आणि रविवार. ऐन आवणीच्या दिवसांत अरुंद रस्त्यावर गाड्या अडकतात, एसटी अडकते, आजारी माणसाला राजूरला न्यायचे तर वाट मिळत नाही. रोपाच्या वाफ्यात गाडी वळवली जाते, बांधावर बाटली फुटते आणि ती काच चिखल करणाऱ्याच्या पायात जाते. पर्यटन, पर्यटन म्हणतात ते हेच असेल तर गावाला ते नको आहे.

त्यातून अपघात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एकाच कुटुंबातली पाच माणसे पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला, चौघे गेले. दोन्ही दिवस रविवारचे होते, हे ध्यानात घ्यावे. अशी घटना घडली की चार दिवस वर्तमानपत्रे भरतात, मग मनाईहुकूम निघतो. मनाईने धबधब्याखालची माणसे हटतात हे खरे, पण ज्या बाईने घरात वीस भाकरींचे पीठ मळून ठेवले असते तिचाही त्या दिवसाचा धंदा बुडतो. आधी नियम नाहीत आणि नंतर सरसकट बंदी. या दोन्हींत गावाला विचारले जात नाही.

खरे तर पाण्याचा स्वभाव गावाइतका कोणाला कळतो? वरच्या डोंगरात ढग फुटला आणि खाली ऊन असले तरी ओढा पाऊण तासात अंगावर येऊ शकतो, हे गुराखी पोराला ठाऊक असते. पाणी एकाएकी गढूळ झाले, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज जाडा झाला की काठ सोडायचा, हे त्याला शिकवावे लागत नाही. शहरातून आलेल्या माणसाला यातले काहीच माहीत नसते. त्याला शेवाळलेला कातळ हिरवागार दिसतो, निसरडा दिसत नाही. धबधब्याच्या डोहात वरून पडणाऱ्या पाण्याचा खाली भोवरा असतो, तो त्याला दिसत नाही. रतनवाडीची वाट प्रवरेचा ओढा अनेकदा ओलांडते, म्हणजे वर गेलेल्यांच्या मागे पाणी चढले तर ते पलीकडे अडकतात. अशा वेळी पाणी उतरेपर्यंत थांबणे हाच शहाणपणा. पण सोमवारी कामावर जायची घाई असलेला माणूस थांबत नाही, पाण्यात उतरतो. त्याला थांबवणारा, अधिकाराने 'थांबा' म्हणणारा माणूस तिथे असायला हवा. तो माणूस गावचाच असला पाहिजे.

आता या सगळ्यावर उपाय म्हणून काय सुचवले जाते? कुठेही जा, एकच यादी. सिमेंटच्या पायऱ्या, लोखंडी कठडे, रंगीत कमान, बसायला बाकडी, 'सेल्फी पॉइंट' आणि पायथ्यापर्यंत डांबरी रस्ता. याला सुशोभीकरण म्हणतात. डोंगर मुळात शोभिवंत असताना त्याचे आणखी काय सुशोभन करायचे? या कामांत ठेकेदाराचे भले होते. गावाच्या पोरांना फार तर चार दिवसांची हजेरी मिळते. दोन पावसाळ्यांत सिमेंट उखडते, कठडा गंजतो आणि त्याच्या भरवशावर रेललेला माणूस दरीत जातो. जो कठडा दरवर्षी तपासला जाणार नाही तो नसलेलाच बरा. निदान माणूस जपून तरी उभा राहतो. शिड्या हव्यात, जिथे कातळ सरळसोट आहे तिथे हव्यातच, पण त्या दरसाल पावसाळ्याआधी कोणी पाहायच्या हे कागदावर लिहिलेले हवे.

डोंगराच्या अंगाला यंत्र लावताना तर दहा वेळा विचार केला पाहिजे. जुलै २०१४ मध्ये आंबेगाव तालुक्यात माळीण डोंगराखाली गेले, दीडशेच्या वर माणसे गेली. २०२१ साली महाडजवळ तळीये आणि २०२३ साली खालापुरात इर्शाळवाडी. प्रत्येक ठिकाणची कारणे वेगळी असतील, पण मुसळधार पावसात भिजलेला उतार किती नाजूक असतो हे तिन्ही ठिकाणी दिसले. सह्याद्रीचा असा उतार कापून पायथ्यापर्यंत रुंद रस्ता नेणे म्हणजे संकटाला आवतण आहे. शिवाय गाडी जिथपर्यंत जाते तिथपर्यंत गर्दी जाते आणि गाडी जिथे थांबते तिथे पैसा उतरतो. गाडी गावात थांबली तर पैसा गावात उतरेल. गाडी थेट गडाच्या पायथ्याला गेली तर गावातून फक्त धूळ जाईल.

मग वाट तशीच सोडायची का? मुळीच नाही. पायवाटेलाही राखण लागते, पण ती साधी असते आणि गावाच्या हातची असते. वाटेचा खरा वैरी पाणी. लोक नागमोडी वळण मोडून सरळ उतरतात, तिथे गवत मरते, मग पावसाचे पाणी त्याच चाकोरीने धावते आणि तीन वर्षांत घळ पडते. घळीतली माती ओढ्यात, ओढ्यातून धरणात. म्हणजे वर वाट मोडली की खाली गाळ साठला. यावर उपाय भातशेतकऱ्याला सांगायची गरज नाही. खाचराच्या बांधाला तो जसा सांडवा ठेवतो, तसेच वाटेवर ठरावीक अंतराने दगडाची तिरकी ओळ पुरून पाणी बाजूच्या रानात काढून द्यायचे. मोडक्या वळणांवर काटेरी फांद्या टाकून आडवाटा बंद करायच्या. फाट्यांवर दगडाच्या खुणा करायच्या. मे महिन्यात एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा, गावच्या आठ-दहा माणसांनी आठवडाभर काम केले तरी वाट वर्षभर शाबूत राहील. याला ना सिमेंट लागते, ना यंत्र. लागते ती मजुरी, आणि ती गावातच राहते.

पैशाची आणि अधिकाराची बाजू सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) नीट वाचून घ्यावी. हा सारा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. म्हणून वनखात्याला डावलून इथे काही करता येणार नाही आणि करूही नये. पण गाव म्हणजे रिकामा हात, असेही नाही. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला स्वतःचे स्थान दिले. राज्याचे त्याबाबतचे नियम २०१४ साली आले आणि त्यानुसार वाडी-पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. २००६च्या वनहक्क कायद्यात सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे, आणि तो अभयारण्यातही लागू आहे. गडचिरोलीतल्या लेखा-मेंढ्याने २००९ साली हा हक्क मिळवला आणि पुढे स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकून दाखवला. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींच्या खात्यात येतो. तो स्वच्छता, जलसंधारण, वनसंवर्धन आणि वन्यजीव पर्यटन अशा कामांना वापरता येतो. कागद आहेत, निधी आहे. ठराव कोणी लिहायचा एवढेच अडले आहे.

साताऱ्याच्या कासकडे पाहावे. कासचे पठार २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेले आणि फुलांच्या हंगामात तिथे लोंढा लोटला. तिथे आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी वनखात्याबरोबर काम अंगावर घेतले. प्रवेशशुल्क, रोजच्या माणसांची मर्यादा, गाड्या उभ्या करण्याची जागा, पठारावर लक्ष ठेवणारी गावचीच पोरे. सगळे सुरळीत चालते असे आम्ही म्हणणार नाही, कुरबुरी तिथेही आहेत. पण पावती गावच्या माणसाच्या हातून फाडली जाते आणि फुलात पाय घालणाऱ्याला गावचाच माणूस हटकतो. हे आपल्याकडे का होऊ नये? २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. रतनगड त्यांत नाही. पण गडकिल्ल्यांची ओढ आता वाढतच जाणार आहे. यादीतल्या गडांवर गर्दी झाली की शांत गडांचा शोध सुरू होईल. म्हणजे रतनगडाचाच.

आमच्या मते रतनवाडी, साम्रद आणि त्यांच्यासारख्या गावांनी येत्या ग्रामसभेत पाच-सहा गोष्टींचे ठराव करावेत. पहिली, गाड्या गावच्या कडेला, पडीक जागेत थांबतील, खाचरात किंवा रस्त्यावर नाही. त्याचे शुल्क बचत गटाने घ्यावे. दुसरी, गडावर जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव वहीत लिहावे आणि उतरल्यावर त्यावर खूण करावी. संध्याकाळी एक नाव उरले तर कोणाला शोधायचे हे कळेल. तिसरी, वाटाडे पाळीपाळीने. एकाच घराची मक्तेदारी नको, आणि त्र्यंबक दरवाजा व सांदण या बाजूला वाटाड्याशिवाय कोणी जाऊ नये. चौथी, ओढ्याला पाणी असेल त्या दिवशी वाट बंद. तो निर्णय पोलीसपाटील आणि दोन जाणत्या माणसांनी सकाळीच घ्यावा, वनखात्याच्या नाक्यावर कळवावा, आणि तो मोडणाऱ्याची गय करू नये. पाचवी, प्लॅस्टिकची बाटली वर नेणाऱ्याकडून अनामत घ्यावी आणि बाटली परत आणली की ती परत द्यावी. सहावी, जेवणाचे आणि मुक्कामाचे दर गावाने एकच ठरवावेत. एकाने शंभराला ताट द्यायचे म्हणून दुसऱ्याने सत्तरला द्यायचे, यात शेवटी सगळेच उपाशी राहतात.

आणि हिशेब. नाक्यावर किती शुल्क जमले, त्यातले गावाकडे किती आले, कशावर खर्च झाले, हे वर्षातून चार वेळा ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे. पैसा आला की भावकी जागी होते, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. चांगली चाललेली समिती हिशेबावरूनच फुटते. वही उघडी असेल तर संशयाला जागा राहत नाही.

हे झाले नाही तर काय होईल, तेही सांगितले पाहिजे. शांत वाट, धबधबा आणि कड्यावरून दिसणारा देखावा यांना शहरात भाव आहे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ मध्ये ते स्पष्ट आहे. पण कायदा चुकवायच्या वाटा गडाच्या वाटांपेक्षा जास्त आहेत. दीर्घ मुदतीचा भाडेकरार, गावच्याच माणसाच्या नावावर दुसऱ्याचा तंबू, कोऱ्या कागदावर अंगठा. बाहेरचा माणूस तलावाकाठी तंबू ठोकतो, रात्रीचे हजारो घेतो आणि ज्याची जमीन त्याला तिथे लाकडे आणण्याची रोजंदारी मिळते. आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो हाच. ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी, म्हणजे आपल्या तलाठ्यांनी, सातबाऱ्यावर नजर ठेवावी. पण कागदावर न येणाऱ्या करारांवर नजर ठेवणे त्यांच्या हातात नाही. ते ग्रामसभेनेच करावे लागेल. शेतकऱ्यानेही सही करण्याआधी कागद शाळेतल्या गुरुजींकडून किंवा शिकलेल्या पोराकडून वाचून घ्यावा. जमीन एकदा अडकली की ती सोडवायला दुसरी पिढी लागते.

कोणी म्हणेल, इतके नियम केले तर माणसे येणारच नाहीत. हे आम्हाला पटत नाही. नियमांमुळे जातील ती दारू पिऊन धबधब्याखाली नाचणारी माणसे, आणि त्यांनी गावाला आजवर काय दिले? जो पायी चालायला येतो तो वेगळा असतो. तो सकाळी लवकर निघायचे म्हणून आदल्या रात्री गावात राहतो, दोन वेळा जेवतो, वाटाड्या घेतो आणि जाताना तांदूळ, नागलीचे पीठ किंवा मधाची बाटली विकत नेतो. समजा दहा माणसांचा एक गट आला. तो गाडीतून धबधबा पाहून गेला तर गावात चहाचे पैसे पडतील. तोच गट मुक्कामाला राहिला आणि गोल वाट चालला तर दोन-तीन घरांत पैसे जातील. शंभर गाड्यांच्या रविवारपेक्षा असे चार गट आठवड्याच्या मधल्या दिवसांत आले तर गावाचे जास्त भले होईल. म्हणून गावाने बोलवायचे असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारीत बोलवावे. ओढे उतरलेले असतात, कातळ सुकलेला असतो, हवा स्वच्छ असते, नेढ्यातून लांबवर दिसते. शेतातली कामेही हळूहळू उरकत आलेली असतात. नेमक्या त्याच दिवसांत आपली माणसे मजुरीला बाहेर जातात, हेही लक्षात घ्यावे.

धरणाखालच्या शेतकऱ्यांनाही आमचे एक सांगणे आहे. आवर्तन केव्हा सुटणार, किती दिवस चालणार, याची चौकशी आपण रोज करतो. ते पाणी कुठून येते हे मात्र आपल्यातल्या फार थोड्यांनी पाहिले असेल. पाणी वापर संस्थांनी, सोसायट्यांनी आपल्या सभासदांची एक सहल देवदर्शनाच्या सहलीसारखीच रतनवाडीला न्यावी. अमृतेश्वराचे दर्शन होईल आणि प्रवरेचा उगमही पाहून होईल. वरचे रान राहिले तर ओढा हिवाळ्यापर्यंत वाहतो आणि रान उघडे पडले तर माती धरणात येते, हे डोळ्यांनी पाहिलेले बरे. सहल गेलीच तर जेवण त्या गावात करावे, डबे बरोबर नेऊ नयेत. शंभर वर्षे त्यांचे पाणी आपण घेतले, एक दिवसाची भाकरी तरी त्यांच्याकडून विकत घ्यावी.

वनखात्याला आणि पंचायत समितीला आमची विनंती आहे की त्यांनी गडाखाली कोणतेही पक्के काम काढण्याआधी ते संबंधित ग्रामसभेपुढे ठेवावे. नकाशा मराठीत असावा आणि खर्चाचा आकडा ठळक असावा. गावाने हो म्हटले तर पुढे जावे, नाही म्हटले तर थांबावे. वाटाड्यांना प्रथमोपचाराचे आणि दोराने माणूस सोडवण्याचे शिक्षण द्यावे, रतनवाडी आणि साम्रद या दोन्ही गावांत स्ट्रेचर आणि मजबूत दोर ठेवावेत. सुशोभीकरणाच्या एका कमानीच्या खर्चात हे सारे बसेल.

गाव करील ते राव काय करील, असे आपण म्हणतो. ते म्हणणे खरे करायची वेळ मे महिन्याच्या आत आहे. काजव्यांच्या गाड्या येण्याआधी ग्रामसभा बसली पाहिजे, वही घातली पाहिजे, वाटाड्यांची पाळी लागली पाहिजे आणि गाड्यांची जागा आखली पाहिजे. गाड्या आल्यावर ठराव करायला बसणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. सरपंचांनी ग्रामसभेची नोटीस काढावी आणि विषयपत्रिकेत पहिला विषय 'गडाची वाट' हा घ्यावा.